बावीस वर्षं मेलेला तांडेल

मालवणच्या बंदरात आगबोट किनाऱ्याला लागत नाही. ती दूर खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना नेण्यासाठी पडाव येतात. खाली पडाव लाटेबरोबर वरखाली होत असतो, वर आपण शिडीला लोंबकळत असतो, आणि पडाववाला ओरडतो, "उडी मारा, उडी!" मी उडी मारली. मी पडावात पोचलो, पण माझी उजव्या पायातली वहाण समुद्रात गेली. समोर किल्ल्याचा तट सकाळच्या उन्हात झळकत होता. माझं लक्ष मात्र त्या वहाणेकडे होतं. ती थोडा वेळ तरंगली आणि मग दिसेनाशी झाली. बंदरावर पाय ठेवल्यावर मी डावीही काढून एका कोळणीच्या टोपलीशेजारी ठेवून दिली आणि अनवाणी चालू लागलो.

मी पुण्याचा शाळामास्तर. आंतरशालेय नाट्यस्पर्धेची ढाल आमच्या शाळेला तीनदा मिळवून दिल्यामुळे नाटकातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. माझा जुना सहकारी दत्ताराम याचं पत्र आलं नसतं, तर ती आजही तशीच राहिली असती. दत्ताराम पुण्याची नोकरी सोडून आपल्या गावच्या, सुरंगवाडीच्या शाळेत गेला होता. त्यानं लिहिलं होतं : "शिमग्याला आमच्याकडे पूर्वी एक खेळ व्हायचा. बावीस वर्षं बंद आहे. गेलं वर्षभर आम्ही घरोघर फिरून त्याचं एकेक वाक्य गोळा केलं आहे. यंदा होळीच्या पाचव्या दिवशी तो उभा करायचा आहे. तुला नाटकातलं कळतं ना? मग ये."

आमच्या शाळेतले इंग्रजीचे वृद्ध मास्तर एकदा मला सांगत होते की विलायतेतल्या खेड्यांतही असे खेळ असतात. नाताळात लोक सोंगं घेऊन घरोघर जातात, एक वीर दुसऱ्याला ठार मारतो, मग एक डॉक्टर येऊन मेलेल्याला उठवतो. तिकडेही ते खेळ बंद पडत आले होते आणि गावकऱ्यांनी म्हाताऱ्यांना विचारून विचारून ते पुन्हा जमवले. दत्तारामचं पत्र मी त्यांना दाखवलं. म्हातारा खुर्चीतून उठलाच. "अहो, जा! रजा मी मिळवून देतो," म्हणाला. अशा रीतीनं साहेबाच्या देशातल्या सोंगांच्या कृपेनं मी कोकणात येऊन पोचलो.

मालवणहून बैलगाडीनं देवबागपर्यंत आलो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मधे माडांखालची वाळूची चिंचोळी पट्टी. अनवाणी पायांना वाळू भाजत होती, म्हणून मी गाडीतच बसून राहिलो. खाडी ओलांडायला तर (माणसं पलीकडे नेणारी होडी) होती. तरीवाला साठीचा, काटक, डोक्याला लाल पंचा बांधलेला.

"खंयचे?" त्यानं विचारलं.

"पुण्याचा. दत्ताराम मास्तरांकडे निघालोय."

"म्हणजे खेळाक इलास!" त्यानं वल्हं थांबवलं. "मगे माका नीट बघून घेवा. तुमी मेलेल्या माणसाच्या होडयेत बसलास."

मी दचकून त्याच्याकडे बघितलं. तो मजेत हसत होता. "बावीस वर्सां झाली मेल्याक. माका उठवल्यानीच नाय. पण होडी तर मारूक व्हयी. पोट मरणा नाय."

याचं नाव भिकू. त्याची हकिकत पलीकडच्या काठावर मला घ्यायला आलेल्या दत्तारामनं चालता चालता सांगितली. सुरंगीच्या झाडाखालून वाट जात होती आणि फुलांचा वास इतका दाट होता की मला दोनदा थांबावं लागलं.

या खेळाला 'सात खळ्यांचो खेळ' म्हणतात. खळं म्हणजे घरापुढचं शेणानं सारवलेलं अंगण. खेळ एका जागी होतच नाही. पहिल्या खळ्यात शेटचं गलबत निघतं, दुसऱ्यात वादळ होतं, अशी गोष्ट घरामागून घर पुढे सरकत सातव्या खळ्यात, म्हणजे देवळापुढे संपते. कुठल्या सोंगाचा मान कुठल्या घराकडे, हेही पूर्वापार ठरलेलं. पाचव्या खळ्यात संकासूर हा राक्षस गलबताच्या तांडेलाला, म्हणजे मुख्य खलाशाला, ठार मारतो आणि वैद येऊन त्याला जिवंत करतो. वैदानं आपला मंत्र सबंध आणि एका दमात म्हणायचा असतो. कुणी मागून सांगायचं नाही. बावीस वर्षांपूर्वी वैदाचं सोंग घेतलेल्या रघुनानांनी मंत्र सुरू केला आणि तो अर्ध्यातच तुटला. ते उभे राहिले, लोक उभे राहिले, तांडेल झालेला भिकू जमिनीवर पडून राहिला. शेवटी रघुनाना पगडी उतरवून चालू लागले. उन्हाचे चटके असह्य झाले तेव्हा भिकू आपणहून उठला आणि जेवायला घरी गेला. त्याच्या आईनं मात्र त्याला आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही.

"आणि खेळ?" मी विचारलं.

"खेळ तिथंच अडकला. मेलेला उठला नाही, मग पुढं कसं जायचं? यंदा गावकऱ्यांनी परवानगी दिलीय, पण एका अटीवर. पुरा करणार असाल तरच हात घाला. पुन्हा अर्धवट सोडलात तर या खेळाचं नाव कुणी काढायचं नाही."

"मग रघुनानांऐवजी दुसरा कुणी घ्या."

दत्ताराम माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी देवाऐवजी दुसरा देव आणा म्हणालो. "मान त्यांच्या घरचा आहे. मुलगा नाही, पुतण्या नाही. ते आहेत तोवर तेच."

दत्तारामच्या घरी पाय धुऊन जेवायला बसलो. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, ओल्या काजूगरांची उसळ आणि वाटीभर सोलांची कढी. तिरफळ काढून टाकायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते चावलं आणि पुढची दहा मिनिटं माझी जीभ माझी राहिली नाही. दत्तारामच्या आईनं हसू दाबत गूळ पुढे केला.

संध्याकाळी शाळेत मंडळी जमली. वर्षभराचं काम असलेली वही दत्तारामनं माझ्यापुढे ठेवली. कुठल्या घरातून काय मिळालं, कुणी सांगितलं, कुठे दोघांच्या सांगण्यात फरक पडला, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. कोण म्हातारी जात्यावर बसली असताना बोलली, कोण माडावर चढून वरून वाक्यं ओरडला, तेही होतं. मी खरोखर थक्क झालो. आणि मग माझ्यातला ढालवाला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, "उत्तम! आता बाकं जोडून इथं रंगमंच करा, तालीम घेऊ. सगळा खेळ एकत्र एकदा बघायला हवा."

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून बिचारे बाकांवर चढले. वादळाच्या सोंगाला वळायला जागा नव्हती, संकासूर बाकावरून खाली आला, आणि पाचव्या खळ्याची पाळी आली तेव्हा रघुनाना पुढे झाले. सत्तरीचे, उंच, मान किंचित खाली घातलेली. भिकू बाकावर आडवा होऊन मेला. नानांनी तोंड उघडलं. पूर्वेचा पाला, दक्षिणेचं मूळ, अशी सुरुवात छान झाली आणि तिसऱ्या ओळीपाशी आवाज बंद. मी वहीतून पुढचा शब्द सांगितला. त्यांनी तो म्हटला आणि पुन्हा थांबले.

"येता," ते हळूच म्हणाले, "गळ्यापर्यंत येता आणि थंयच ऱ्हवता. बाबानू, सांगून दिलेल्या सबदान मेलेलो उठाचो नाय. ह्या माका झेपाचा नाय." ते बाकावरून उतरले.

भिकू पडल्या पडल्या म्हणाला, "आणि मी? मी असोच पडान ऱ्हवू?" कुणी हसलं नाही. त्याच्या त्या बोलण्यात थट्टा होती आणि थट्टेखाली धास्ती होती, हे मलाही कळलं. नानांनी वहीकडे बघितलंही नाही. खेळ तीन दिवसांवर आला होता.

मला त्या रात्री माझाच राग आला. बाकं जोडायला सांगितली ती मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांची माफी मागायला गेलो. त्यांनी मला ओटीवर बसवलं. त्यांच्या बायकोनं घावणे आणि नारळाचा रस पुढे ठेवला. मी विलायतेतल्या खेळाची गोष्ट काढली. ऐकता ऐकता म्हातारा खुलला.

"म्हणजे तांचोय मेलेलो उठता?"

"उठतो."

"आणि उठवता कोण?"

"डॉक्टर."

"डाक्टर!" नाना पहिल्यांदा हसले. "मगे उठतलोच. आमचो बिचारो पाल्यार भागवता." मग गंभीर झाले. "मास्तरानू, त्या दिसा सकाळी मी मोठ्या भावाशी भांडून खेळाक गेल्लंय. थोरल्याक वायट बोललंय. देवान तोंडातसून सबद काडून घेतल्यान. भाव गेलो, माफी मागूची ऱ्हवली." त्यांचे डोळे भरून आले. बावीस वर्षं हा माणूस ते ओझं घेऊन चालत होता.

"पण मग दत्तारामला मंत्र कुठून मिळाला?" मी विचारलं.

"मीच सांगलंय. हंय, खळ्यात." ते उठले, तुळशीपाशी गेले आणि मला दाखवायचं म्हणून म्हणू लागले. तुळशीची एक बाजू, पूर्वेचा पाला. दुसरी बाजू, दक्षिणेचं मूळ. तिसरी बाजू, पश्चिमेचं पाणी. चौथी बाजू, उत्तरेची माती. ऊठ रे तांडेला! सगळा मंत्र एका दमात, कुठेही अडखळणं नाही. म्हणून झाल्यावर ते स्वतःच गोंधळले.

मी घावणा हातात घेऊन उभा राहिलो. "नाना, आता बसून म्हणा."

बसून म्हटलं. तिसऱ्याला थांबले.

"पुन्हा फिरून." फिरून म्हटलं, आणि सबंध म्हटलं. ते लहान मुलासारखे माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, "पाचव्या खळ्यात तुळस कुठे आहे?"

त्यांनी बोटानं हवेत एक चौकोन काढला. मग म्हणाले, "आदी मधी होती. त्याच वर्साक गडग्याक लावल्यानी." गडगा म्हणजे चिऱ्यांची कुंपणाची भिंत. तुळस भिंतीला लागून, म्हणजे तिसऱ्या बाजूला पाय ठेवायला जागाच नाही. वैदाची दोन पावलं पडली आणि तिसऱ्याला पुढे चिरा आला. शब्द पावलांत होते. पावलं अडली, शब्द अडले. देवाचा त्यात काही संबंध नव्हता, आणि भावाचाही.

मी धावत दत्तारामकडे गेलो. आम्ही दोघे पाचव्या घरी पोचलो. तिथे सत्यभामाकाकी एकट्याच असतात. नवरा वारलेला, मुलगे मुंबईला. आमचं सगळं बोलणं त्यांनी सूप खाली ठेवून ऐकलं.

"ह्यांका मुंबयत मोटार बघून याड लागलां," त्या म्हणाल्या. "म्हणत, आपली मोटार खळ्यात फिराक व्हयी, तुळस मधी कित्याक? मी म्हटलंय, सरकवा. मोटार काय इली नाय. तुळस मात्र गडग्याक गेली." त्यांनी गडग्याकडे बघितलं. "म्हणजे नानाचां तोंड आमी बंद केलां?"

"काकी, कुणाला माहीत होतं?" दत्ताराम म्हणाला.

तुळस आता हलवता येईना. वृंदावन चुन्यात बांधलेलं, खोड जुनं. आम्ही सुचवलं की मधे एखादा दगड ठेवू, केळीचा खुंट रोवू. निरोप नानांना सांगितला तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. दगडाभोवती फिरून माणूस उठत नसतो, म्हणाले. पण खेळाला येतो मात्र म्हणाले. भिकूसाठी येतो. एवढंच आश्वासन घेऊन आम्ही पाचव्या दिवसाची वाट बघत बसलो. त्या दोन दिवसांत मी नाटकातलं एक अक्षर कुणाला शिकवलं नाही, उलट संकासुराच्या टोपीला काथ्या लावायला मदत केली.

पाचव्या दिवशी सकाळी देवळापुढे गाव जमला. गावकऱ्यांच्या म्होरक्यानं नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! बावीस वर्सां अडाकलेलो खेळ आज आमी परत उचलतंव. काय चुकलां-माकलां आसात तां पोटात घे, आणि लेकरांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं. मीही म्हटलं, जरा उशिरा.

मग निघालो. ढोल, झांज, मागे सगळा गाव. पहिल्या खळ्यात शेट गलबत घेऊन निघाला. गलबत म्हणजे चौघांनी कमरेशी धरलेलं एक धोतर. दुसऱ्या खळ्यात वादळ आलं आणि त्या धोतराचे दोन तुकडे झाले. तिसऱ्यात राधा नाचली. राधेला मिशी होती, ती पदरानं झाकायचा तिचा खटाटोप चालला होता. घराघरातून पोहे, गूळ, शहाळी पुढे येत होती. शाळेच्या खोलीत बाकांवर जे निर्जीव वाटलं होतं तेच इथे इतकं रसरशीत झालं की मी हसून हसून गडग्यावर बसलो. एका खळ्यातून दुसऱ्यात चालत जाणं हाच खेळाचा अर्धा भाग होता. वाटेत म्हातारे मागचं आठवत, पोरीबाळी पुढचं विचारत, आणि पुढच्या दारात पोचेपर्यंत सगळ्यांची उत्सुकता ताणलेली असे. हे मला वहीतून कधीच कळलं नसतं.

पाचव्या खळ्यात ढोल थांबला. संकासुरानं तलवार उगारली आणि भिकू मेला. असा मरण्याचा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. तीनदा कोलमडला, दोनदा उठून पाणी मागितलं, शेवटी पाय ताणून आडवा झाला. लोक हसले, आणि मग सगळ्यांच्या माना वळल्या. नाना खळ्याच्या तोंडाशी उभे होते. डोक्याला पगडी, खांद्याला झोळी. गडग्याला लागलेल्या तुळशीकडे त्यांनी बघितलं. पाऊल पुढे टाकलं नाही. माझ्या शेजारी दत्तारामच्या हातात वही होती. ती त्यानं मिटली.

तेवढ्यात घरातून सत्यभामाकाकी बाहेर आल्या. हातात मातीचं मडकं, मडक्यात तुळशीचं रोप. बायका ओटीवरून खेळ बघतात, खळ्यात उतरत नाहीत. काकी उतरल्या. सरळ मधोमध गेल्या, पायानं जागा चाचपली, आणि रोप डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. म्होरक्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाना," काकी म्हणाल्या, "हंयच होती. फीर."

नाना पुढे आले. काकींच्या एका बाजूला पूर्वेचा पाला. दुसऱ्या बाजूला दक्षिणेचं मूळ. मी श्वास धरला होता. मी कशाला, सगळ्या खळ्यानं धरला होता. नाना वळले. "पश्चिमेचां पाणी!" त्यांचा आवाज मोठा झाला. "उत्तरेची माती! ऊठ रे तांडेला, तुझां गलबत खोळंबलां!"

भिकू शिंकला. जिवंत झाल्याची खूण म्हणून शिंकायचं असतं, पण तो एकदा शिंकला आणि मग शिंकतच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते शिंकेचं नव्हतं. उठला आणि नानांच्या गळ्यात पडला. "उठवलंस रे! उठवलंस मेल्या!" असं म्हणत दोन म्हातारे एकमेकांना गदागदा हलवत होते. ढोलवाल्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी, पुण्याचा मास्तर, कुणाचा तरी हात धरून नाचलो. तो हात संकासुराचा होता हे मला नंतर कळलं.

नाना काकींपुढे वाकले. काकी मागे सरकल्या. "माझ्या नको, तुळशीच्या पायां पड. आणि आटप, दोन खळी अजून ऱ्हवली हत. माझो हात भरान इलो."

दोन खळी झाली. खेळ देवळापुढे पुरा झाला आणि तिथे सगळ्यांनी रांगेत बसून खापरोळ्या (नारळाच्या गोड रसातले जाळीदार घावन) खाल्ल्या. मी किती खाल्ल्या ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला परतायचं होतं. माझी पिशवी डोक्यावर घेऊन नाना स्वतः तरीपर्यंत पोचवायला निघाले. वाट काकींच्या खळ्यातून जात होती. दत्ताराम माझ्या कानाशी म्हणाला, "कालचा खेळ सोडला तर बावीस वर्षं नाना या वाटेनं आले नाहीत. खाडीच्या चिखलातून वळसा घेत." मी वळून नानांकडे बघितलं. ते सरळ चालले होते.

खळ्यात काकी होत्या आणि दोन गडी मधोमध खणत होते. नवं वृंदावन बांधायला घेतलं होतं. नानांनी माझी पिशवी ओट्यावर ठेवली, एका गड्याच्या हातातली कुदळ घेतली आणि मला म्हणाले, "तर दुपारची पण आसा. तवसर जरा माती ओढा, मास्तरानू."

मी माती ओढली. काकींनी मधे दोनदा चहा दिला. नाना त्यांच्या ओट्यावर बसून तो प्यायले आणि उगाच मोठ्यानं बोलत राहिले. दुपारची तर भिकूनं माझ्यासाठी थांबवून ठेवली. जिवंत माणसाला घाई नसते, म्हणाला.

पुण्याला पोचलो तेव्हा पायात मालवणच्या बाजारातल्या नव्या वहाणा होत्या आणि दोन्ही तळहातांना फोड आले होते. बायकोनं ते बघितले.

"नाटक बघायला गेला होतात ना?"

"हो," मी म्हटलं, "पण त्यांनी मला नेपथ्याला घेतलं."